विहिणीची पाठवणी

परत येऊन महिना होत आला, तरी माझी बॅग पलंगाखाली तशीच पडली आहे. उघडायचा धीर होत नाही. उघडली की आवरावी लागणार. शेजारच्या बायका येतात, लंडनचा तो मोठा पाळणा पाहिलास का, राजवाडा पाहिलास का, विचारतात. मी नाही म्हटलं की त्यांची तोंडं उतरतात. एवढं विमानाचं भाडं भरून हिने पाहिलं तरी काय? खरं सांगायचं तर तीन गावं पाहिली, तीही बहुतेक ओल्या काचेतून. आणि एका देवापुढे उभी राहिले, ज्याला ना मूर्ती ना देऊळ. तेवढंच सांगण्यासारखं आहे, तर ते सांगते.

ब्रॅकनेल

मी अलिबागची. जन्म पोस्टाच्या काउंटरमागे गेला. रिटायर झाल्यावर वाटलं, आता जरा पाय पसरून बसू, तर मोठ्या बहिणीने अंथरूण धरलं. तिचं न्हाणंधुणं, उठवणं-बसवणं करता करता माझे गुडघे कामातून गेले. त्यात सौरभचा, माझ्या मुलाचा, फोन आला. आई, तू ये, गाइलू जेवत नाही, बोलत नाही, मला काही सुचत नाही. बहिणीला भाचीच्या हवाली केलं आणि डिसेंबर संपता संपता विमानात बसले. उतरले तेव्हा पाय असे सुजले होते की चपला चढेनात.

ब्रॅकनेल हे ऑफिसांचं गाव. काचेच्या इमारती, त्यांच्याभोवती गाड्या, आणि जरा रस्ता सुरू झाला की राउंडअबाउट. गाडी फिरते की गाव फिरतं, तेच कळत नाही. दुपारी चारला दिवे लावावे लागतात. सौरभच्या घरात स्वयंपाकघर खाली आणि बाथरूम वर. त्या कार्पेटच्या जिन्यावरून वरखाली करताना मी सतत देवाचं नाव घेत होते, पण भक्तीने नव्हे.

गाइलू माझी सून. मणिपूरच्या तामेंगलाँगच्या डोंगरातली, राँगमेई समाजाची. राँगमेई आणि त्यांचे सख्खे म्हणावेत असे भाऊबंद मिळून झेलियांगराँग म्हणवतात, एवढं मला लग्नाच्या वेळी कळलं होतं. नर्सिंग शिकायला ती पुण्याला आली, तिथे सौरभ भेटला. मराठीही तिथलंच, शब्द अगदी पेठेतले, फक्त लिंगांचा पत्ता नाही. 'आई, तुमचा चहा झाली,' म्हणायची आणि मी हसले की स्वतःही हसायची. या वेळी चहा मुकाट्याने पुढे यायचा.

तिची आई दिवाळीनंतर लगेच गेली होती. गाइलूच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज तेव्हा नुकताच गेलेला. मध्येच देश सोडला की अर्ज बाद, अर्ज बाद की नोकरी बाद. नियम म्हणजे नियम, भांडणार कोणाशी? पोरीने आईची माती मोबाइलवर पाहिली, आणि त्यातही अर्ध्यावर रेंज गेली.

मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. मी मऊ खिचडी केली, तिच्या डोक्याला तेल लावलं. पण एके सकाळी तेल लावून घेता घेता ती बोलायला लागली, आणि तेव्हा मला कळलं की तिच्या जिवाला नुसतं दुःख नाही, घोर लागला आहे.

त्यांच्याकडे पौषातल्या पौर्णिमेच्या सुमाराला गान-नगाई नावाचा सण असतो. आपण पौषात शुभकार्य टाळतो, यांचा सगळ्यात मोठा सण नेमका तेव्हा. वर्षभरात घरातलं जे माणूस गेलं, ते त्या सणापर्यंत घरातच असतं, चुलीपाशी बसलेलं, असं ते धरतात. सणाला जुनी आग विझवून नवी पेटवायची, गेलेल्याला शेवटचं जेवण वाढायचं, आणि तिंगकाओ रागवांगला सांगून त्याला वाटेला लावायचं. तिंगकाओ रागवांग म्हणजे सगळ्यांच्या वरचा, आभाळाचा राजा, ज्याने हे सगळं निर्माण केलं तो. तो निरोप चुकला तर माणूस अधांतरी राहतं. ना या घरचं, ना त्या मुलखाचं.

वडील तिचे लहानपणीच गेले. एकुलता भाऊ गावात आहे, पण तो चर्चमध्ये जातो. तो आता असलं काही करणार नाही.

"मी नाही केला तर कोणीच नाही करणार, आई," ती म्हणाली. "मग ती कुठे जाईल?"

सण पुढच्याच आठवड्यात होता. सौरभ म्हणाला, इथे गुरुजी मिळतात, आपण काहीतरी शांत वगैरे करून घेऊ. गाइलूने त्याच्याकडे असं पाहिलं की तो लॅपटॉप उचलून वर निघून गेला.

क्रॉयडन

गाइलूच्या डोंगरातले एक आजोबा क्रॉयडनला लेकीकडे राहतात. निरोपाची रीत माहीत असलेलं या देशात तिच्या ओळखीचं तेवढं एकच माणूस. त्यांना विनवायला आम्ही तिघं निघालो. ट्रेन बदलल्या, पुढे ट्राम. तिथल्या सरकारी ऑफिसात व्हिसाच्या कामाला आलेले लोक प्लास्टिकच्या फायली छातीशी धरून उभे होते. सौरभ मला ट्राम कशी छान आहे ते सांगत होता आणि मी बसायला जागा शोधत होते.

आजोबांचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. बोलायचंच नाही. वर पोचले तेव्हा मला कोणाचा देव कोणता, हे सगळं एकच झालं होतं.

दार उघडताच एक आंबूस, उग्र वास आला. आंबवलेले बांबूचे कोंब घालून धुरावलेलं डुकराचं मांस शिजत होतं. सौरभ नाक दाबायच्या बेतात होता. मला मात्र एकदम घर आठवलं. आम्ही सुकट भाजायला घेतली की शेजारचे खिडक्या लावून घेतात. डुक्कर मी खात नाही, पण ते कोंब भाताबरोबर खाल्ले आणि परत मागून घेतले. आजोबा खूश झाले.

आजोबा पूर्वी फौजेत होते, त्यामुळे हिंदी चांगलं. त्यांनी गाइलूचं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. तेही आता चर्चमध्ये जातात, तिथे त्यांना मान आहे, लेक-जावई तिथलेच. ते नाही करू शकणार. हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की रागावताही येईना. गाइलू ताटातला भात बोटाने इकडून तिकडे करत राहिली.

मी सहज विचारलं, तुमचा हा देव आहे तरी कसा? मग म्हातारा खुलला. लहानपणी त्यांचे आजोबा सांगायचे, तिंगकाओ रागवांगने आधी लहान देव घडवले, मग पृथ्वी करायचं आणि माणूस घडवायचं काम त्यांच्यावर सोपवलं. मी म्हटलं, म्हणजे आमच्या पोस्टमास्तरांसारखंच. ते पोट धरून हसले. आमच्या देवांना उठवावं लागतं, न्हाऊ घालावं लागतं, नैवेद्याला उशीर झाला तर आपल्यालाच अपराधी वाटतं. याचं तसलं काही नाही. मूर्ती नाही, कपडे नाहीत, तो नुसता वर असतो आणि बघतो. मी दमलेली बाई, मला हा देव एकदम सोयीचा वाटला.

मग आजोबा म्हणाले, "खरं तर आमच्यातलाच कोणी जाणता पुरुष लागतो. पण तो नसेल तर घरातल्या मोठ्या माणसाने बोलावं. भाषा कुठलीही चालेल. सगळ्या भाषा त्यानेच केल्या आहेत."

आणि माझ्याकडे बघत राहिले. गाइलूही बघायला लागली.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, ते काही खोटं नाही. तिकडे बहीण अंथरुणात, इकडे माझे गुडघे, आणि आता परक्या डोंगरातल्या देवापुढे उभं राहून मेलेल्या विहिणीला निरोप द्यायचा, तोही मी. पण गाइलूचे डोळे पाहिले आणि नाही म्हणायचं त्राणही उरलं नाही. बरं, म्हटलं.

आजोबांनी मला शिकवलं. आधी वर तोंड करून त्याला सांगायचं, ही अमक्याची लेक, तमक्याची बायको, हिचा इथला वाटा संपला, हिला घे. मग तिला जेवायला वाढायचं. मग तिला जायला सांगायचं. शेवटचं घट्ट आवाजात सांगा, म्हणाले, तिथे कच खाऊ नका. निघताना त्यांनी फ्रिजमधून आल्याचा एक तुकडा काढून गाइलूच्या हातावर ठेवला. त्यांच्याकडे देवाच्या कामात आलं लागतंच. लेक स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिला ऐकू जाईल असं आजोबा म्हणाले, "आल्याला धर्म नसतो."

ब्रिस्टल

नवी आग पेटवायची तर उघडी जागा हवी. ब्रॅकनेलच्या घराला अंगण म्हणून जे आहे, त्यात माझी पाच पातळंही वाळायची नाहीत. ब्रिस्टलला गाइलूच्या गावचा अचुंग राहतो, विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याने आपल्या घरामागची बाग देऊ केली. शनिवारी आम्ही तिथे गेलो. ब्रिस्टल सुंदर आहे म्हणतात. असेल. मला फक्त चढ आठवतात. सगळं गाव चढावर, आणि अचुंगचं घर त्या सगळ्याच्या वर.

त्या डोंगरांतली आणखी चारपाच पोरं-पोरी जमली होती. काही चर्चवाली होती, ती खिशात हात घालून जरा लांब उभी राहिली, पण आली होती. अचुंगने पहिलं काम काय केलं, तर बॉयलर बंद केला, गॅस बंद केला. जुनी आग घरात नको. जानेवारीत. मी अंगावर दोन शाली आणि सौरभचं जॅकेट घेऊन खुर्चीत बसले.

नवी आग काडेपेटीने चालत नाही. वाळक्या लाकडाला चीर पाडायची, त्यात भुसा कोंबायचा, आणि खालून बांबूची पट्टी घालून दोन्ही हातांनी सपासप ओढायची. घासून घासून ठिणगी पडली पाहिजे. विमानं करणारा अचुंग आणि कॉम्प्युटरवाला सौरभ, दोघं चिखलात गुडघे टेकून आळीपाळीने ओढत होते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. बांबू बागेच्या दुकानातून आणलेला, तो ओलसर. पट्टी तुटली. दुसरी कापली, तीही तुटली. वरून भुरभुर सुरू झाली, मग कोणीतरी छत्री धरली. शेजारची इंग्रज आजी कुंपणावरून बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवेना, लायटर घेऊन आली. अचुंगने अदबीने नको सांगितलं. तिला काय वाटलं देव जाणे, पण ती आत गेली आणि सगळ्यांना चहा घेऊन आली. मी तो घेतला. तिच्या घरची आग आम्ही थोडीच विझवली होती.

उजेड उतरायला लागला. अचुंग दमून म्हणाला, होत नाही असं दिसतं. आग नाही तर निरोप नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा गाइलू उठली, सौरभला बाजूला सारलं आणि पट्टी हातात घेतली. ती ज्या पद्धतीने ओढत होती ते मला बघवेना. दात आवळलेले, केस तोंडावर, तळहात सोलवटलेले. सौरभ थांबवायला गेला तर मी त्याला मागे ओढलं. आधी धूर आला, मग भुशात लाल टिपका दिसला. अचुंगने ओणवं होऊन फुंकर घातली आणि जाळ धरला. लांब उभी असलेली पोरं खिशातले हात काढून जवळ आली.

इंडियन दुकानातून केळीचं पान आणलं होतं. त्यावर भात, मांस, आजोबांचं आलं आणि वाटीत तांदळाची बीअर असं वाढलं. गाइलूने पानाशेजारी आईने विणलेली शाल घडी करून ठेवली. मी माझ्याकडून दही वाढलं. विहिणीचं पान, त्यात दही नाही, असं कसं चालेल?

आमची भेट एकदाच झाली होती, लग्नात. ना तिला हिंदी, ना मला तिची भाषा. पंगतीत आम्हाला शेजारी बसवलं तर तिने माझा हात धरला, आणि जेवण होईपर्यंत डावा हात सोडलाच नाही. एवढीच आमची ओळख.

सुरू करायच्या आधी अचुंगने गाइलूला त्यांच्या भाषेत काहीतरी बजावलं, आणि मग मलाही सांगितलं. एकदा वाटेला लावलं की मागून हाक मारायची नाही. लेकराची हाक आली की माणूस वळतं, आणि वळलं की त्याची वाट मोडते. गाइलूने मान हलवली.

मी उठून उभी राहिले. वर पाहिलं तर राखाडी ढगाशिवाय काही नव्हतं. मोठ्याने सांगितलं, तिंगकाओ रागवांगा, मी अलिबागची, तुला माझी ओळख नसेल. ही माझी विहीण. हिचं नाव, हिच्या नवऱ्याचं नाव, हिचं गाव, सगळं सांगितलं. हिने दोन लेकरं वाढवली, शेत राखलं, हिचा इथला वाटा संपला. तूच केलंस हिला, आता तूच घे. आवाज चांगला लागला. पोस्टात आयुष्यभर काचेपलीकडच्या माणसाशी बोलण्याची सवय, ती उपयोगी पडली.

मग पान पुढे सरकवलं आणि जेवा म्हटलं. तिचं जेवण होईपर्यंत आम्ही सगळे थांबलो. लाकूड तडतडत होतं.

आता निरोप. आणि इथे माझ्या हाताने घात केला. आमच्या घरातून आजवर कोणीही गावाला निघालं, परीक्षेला निघालं, तरी मी हातावर दही घातल्याशिवाय सोडलेलं नाही. माणूस सुखरूप परत यावं म्हणून. आणि निघणाऱ्याने 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. आपणही 'जा' म्हणत नाही, 'या' म्हणतो. साठ वर्षांची सवय, ती डोक्याला विचारून थोडीच चालते? मी चमचाभर दही घेतलं, हाताच्या जागी त्या शालीवर ठेवलं आणि तोंडातून गेलं, "या हं विहीणबाई. परत या."

"आई!" सौरभ म्हणाला.

इतरांना मराठी येत नव्हतं, पण गाइलूला येत होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, तुम्ही तिला परत बोलावलं," ती म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढं सगळं त्या पोरीने केलं, हात सोलवटून घेतले, आणि मी दह्याच्या चमच्याने त्यावर पाणी ओतलं. अचुंगने विचारलं काय झालं, सौरभने सांगितलं. अचुंग आगीकडे बघत राहिला. मग म्हणाला, अजून जाळ आहे, तुम्हीच बोलावलंत, तुम्हीच पाठवा.

जा म्हणायचं. एवढं सोपं, पण जिभेवर येईना. आमच्याकडे 'जा' हे भांडणात म्हणतात, नाहीतर दारातल्या कुत्र्याला. आपल्या घरातून निघालेल्या बाईला कसं म्हणायचं? आणि ती तरी कशी जाईल? दिवाळीपासून ती बघत असणार, लेक जेवत नाही, हसत नाही, परक्या मुलखात एकटी पडली आहे. मी तिच्या जागी असते तर हलले नसते. असल्या लेकीला टाकून कुठली आई जाते? म्हणजे आधी तिचा जीव मोकळा करायला हवा होता, आणि ते करायला तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी थकलेली होते हो. मला आता नवीन कोणाचं काही अंगावर घ्यायचं नव्हतं. बहीण पुरे होती.

मी शालीवरचं दही पदराने पुसून काढलं.

"विहीणबाई," मी म्हटलं, "चुकले मी. परत यायचं नाही तुम्ही. तुमच्या लेकीची काळजी करू नका, ती माझ्याजवळ आहे. ती जेवली की नाही ते मी बघेन. या देवाला साक्ष ठेवून सांगते, तुमच्यामागे ती माझी लेक. आता मागे बघू नका. जा."

'जा' घट्ट निघाला. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

गाइलू रडायला लागली. आईची माती पाहून ती रडली नव्हती, मला सौरभने सांगितलं होतं. आता मात्र गुडघ्यांवर बसून, सोलवटलेले हात मातीत रोवून, पोटातून रडत होती.

"आपुई," ती म्हणाली.

त्यांच्या भाषेत आपुई म्हणजे आई. अचुंगने झटकन मान वर केली. तिला भान नव्हतं. तिने त्या शालीकडे बघत पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्याने. सौरभ नुसता उभा होता. तिचं तोंड दाबायचं की काय करायचं, कोणालाच सुचत नव्हतं.

माझे गुडघे असे की खाली बसले तर उठवायला दोन माणसं लागतात. तरी तिच्याशेजारी चिखलात बसले. तिने तिसऱ्यांदा हाक मारली, "आपुई," आणि दुसरं कोणी द्यायच्या आत मी ओ दिली. गाइलू माझ्याकडे वळली.